शेळी बसेल ते घर

आजही कुणी मला घर बघायला नेलं, की मी उंबऱ्याबाहेर चपला काढते आणि अनवाणी आत जाते. दलालांना वाटतं, बाई जुन्या वळणाची आहे, वास्तूला मान देतेय. ते हात जोडतात. मग मीही जोडते, कारण आपल्याविषयी कुणाचा चांगला गैरसमज झाला असेल तर तो मोडू नये. खरं म्हणजे त्या वेळी माझे तळपाय फरशीशी बोलत असतात. अख्ख्या केज तालुक्यात माझ्या तळपायांइतकी घरं कुणाच्या डोळ्यांनीसुद्धा पाहिलेली नाहीत. पुतण्या मोबाइलवर फ्लॅटचे फोटो दाखवतो, भाडं किती येईल, दहा वर्षांनी किंमत काय होईल, याचे रंगीत तक्ते दाखवतो. मी म्हणते, "बाळा, तक्ता छान हाय. पन फरशीला पाय लावून आलास का?" तो हसतो. हसू दे. त्याला बांडी भेटली नाही, त्यात त्याचा काय दोष?

बांडी ही आमची शेळी. अंगावर काळे-पांढरे ठिपके, एक शिंग वाकडं, आणि तोरा असा की सरपंचिणीनं येऊन शिकून जावं. आमचं घराणंच शेरडांचं. केजपासून दोन कोसांवर माळावर आमची वस्ती होती. शेरडं किती होती म्हणून विचाराल तर मी लोकांना तीनशे सांगते. माय होती तोवर ती मध्येच तोंड घालायची, "ऐंशी व्हती." आता माय नाही, तेव्हा तीनशेच होती. पुढं जिथं हिशेबाचा प्रश्न येईल तिथं मात्र ऐंशी धरा, म्हणजे गणित जमेल. सकाळी आमच्याकडं कोंबडा आरवायचा नाही, त्याला कुणी संधीच द्यायचं नाही. आधी करडं ओरडायची, मग त्यांच्या आया, मग त्या सगळ्यांवर माझी माय. तिचा आवाज असा की खालच्या ओढ्यातला पारधी भाकरी टाकून पळायचा. मग तव्यावर ज्वारीची भाकरी पडल्याचा थप्प असा आवाज, पाट्यावर ठेचा रगडल्याचा आवाज, आणि गळ्यातल्या घंटांचा असा काही गलका की आजही मला शांत जागी झोप येत नाही. मी पंखा मुद्दाम खडखडता ठेवते. शेळीच्या दुधाचा गुळाचा चहा ज्यानं प्यायला नाही त्याला चहा म्हणजे काय ते कळलं नाही, आणि ज्यानं एकदा प्यायला तो पुन्हा मागत नाही. आम्ही रोज पीत होतो.

बापूंच्या डोक्यात घराचं खूळ शिरलं त्याला लांडगा कारण झाला. एका हिवाळ्यात त्यानं चार शेरडं नेली, पाठोपाठ रोगानं सहा. बापू तीन दिवस उरलेली शेरडं मोजत होते. चौथ्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "शेरडं मरतेत. लांडगा नेतो, रोग नेतो, पाव्हना आला की सुरी नेती. घराला कोन नेतंय?" माय म्हणाली, "आन् घर दूध देतं व्हय?" बापूंचे डोळे चमकले. "देतं की! भाडं म्हंजी काय? दूधच हाय. म्हैन्याच्या म्हैन्याला, न चुकता, आन् गाभन राहायची बी वाट बघाया नगं." केजात तेव्हा नवे मास्तर, बँकेतले कारकून, एस.टी.तले लोक बदलून येत होते आणि खोल्यांसाठी दारोदार फिरत होते. चार खोल्यांचं घर घ्यायचं, एकीत आपण राहायचं, तीन भाड्यानं द्यायच्या, असा बापूंचा बेत. आणि त्या बेताच्या शेपटाला मी लोंबकळत होते. मी मॅट्रिकची परीक्षा दिली होती. निकाल यायचा होता, पण आपण पास होणार याची मला पेपर लिहायच्या आधीपासून खात्री होती. बापूंनी सांगून टाकलं, "काशे, मिरगाच्या आत केजात घर घावलं तर तू कॉलेजात. न्हाई घावलं तर शेरडं हायतच. कॉलेजापरीस शेरडं लई शिकवतेत." म्हणजे घर नाही, तर कॉलेज नाही. मी त्या उन्हाळ्यात घराचा शोध असा घेतला की सीतेचाही कुणी घेतला नसेल.

घरं सांगायचा तो रशीदभाई. स्टँडसमोर त्याचा फळांचा गाडा होता. हिवाळ्यात सीताफळं, उन्हाळ्यात खरबूज-कलिंगड. कुणाचं घर विकायला निघालंय हे घरमालकाच्या बायकोच्या आधी रशीदभाईला कळायचं. मी एकदा विचारलं, कसं? तर म्हणाला, "बेटी, जो आदमी फल लेने आता, वो गिऱ्हाईक. जो खाली पेट्या मांगने आता, वो सामान बांधनेवाला." रिकाम्या पेट्या कोण मागतो यावर त्याचं सगळं शास्त्र उभं होतं. दोन पेट्या मागितल्या तर बदली, दहा मागितल्या तर घर विकणार. या एका सूत्रावर आजकालची पोरं कंपन्या काढतील.

घर तपासायच्या आमच्या तीन तऱ्हा होत्या. रशीदभाई कलिंगड वाजवतो तशी भिंत वाजवायचा, कान लावायचा आणि "पका हय" किंवा "अंदरसे कच्चा" असा निकाल द्यायचा. बापू बाजारातल्या बैलाकडं बघावं तसं घराकडं बघायचे. चौकटीला वाळवी लागलीय का बघायचं म्हणजे दात बघणं, घराला चहूबाजूंनी फेरी मारायची म्हणजे चालवून बघणं, आणि मग मालकाला विचारायचं, "चारा किती खातं?" म्हणजे घरपट्टी, डागडुजी, कौलं फेरणं. चारा वजा जाता दूध किती उरतं, त्यावरून भाव. भावही ते रुपयांत बोलायचे नाहीत, शेरडांत बोलायचे. "पन्नास शेरडांचं हाय" म्हटलं की सगळ्यांना कळायचं. बाजाराचा एक नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी पाठ करून घेतला होता: खोड विकणाऱ्यानं सांगावी, गुण घेणाऱ्यानं वळखावा. मुकं जनावर स्वतःची खोड सांगू शकत नाही, म्हणून मालकानं सांगायची. गुण मात्र ज्याच्या नजरंत दम असंल त्यानं हेरायचा.

तिसरी तऱ्हा मायची. ती बांडीला सोबत आणायची. शेळीला ओल चालत नाही. आम्ही कळप घेऊन फिरायचो तेव्हा शेरडं जिथं बसतील तिथंच तळ पडायचा. जिथं ती उभीच राहतील ती जागा वरून कितीही कोरडी दिसो, आम्ही पुढं निघायचो. तोच कायदा घराला. खोलीत बांडीला सोडायचं. ती हुंगणार, खुरानं उकरल्यासारखं करणार, गोल फिरणार आणि बसली तर घर चांगलं. नाही बसली तर बापूंनी पुढं एक शब्द बोलायचा नाही. केजच्या पेठेतून आमची वरात निघायची: पुढं रशीदभाई, मागं बापू, मग माय, मग बांडी, आणि शेवटी मी, हातात हिरवा पाला घेऊन. दुकानदार ओरडायचे, "बापू, आज सायबीन कुठल्या घराची तपासनी करनार?" पंधरा दिवसांत बांडीला अख्खं केज ओळखायला लागलं. तिला बघून दोन पोलिसांनी सलाम ठोकल्याचं मी सांगते. एकानं ठोकला होता, आणि तोही माशी हाकलताना.

घरं तरी काय काय बघितली! स्टँडजवळच्या एका घराचे पत्रे दर वैशाखात वावटळीबरोबर फिरायला जायचे आणि मालक ते शोधून आणायचा. "चारा लई खातं," बापू म्हणाले. दुसऱ्या एका घराचा मालक मोठ्या ऐटीत सांगत होता, तिन्ही खोल्या भाड्यानं भरलेल्या, भाडेकरू सोन्यासारखे. खरंच, तिन्ही दारांत बायका उभ्या, लेकरं खेळतायत, दोरीवर धुणं. बापू खुलले. माय मात्र पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "तीन चुली हायत, आन् एकीतबी राख न्हाई. ही मान्सं जेवत कावून न्हाईत?" मालकानं आपल्या बहिणी, मेहुण्या आणि त्यांची लेकरं दिवसभरासाठी आणून बसवली होती! त्यातलीच एक पोट धरून हसायला लागली आणि म्हणाली, "दादा, म्या सांगितलं व्हतं, निदान एक भाकर तरी थापू दे." तेव्हापासून मी भाडेकरू मोजत नाही, चुली बघते. आता चुली नाहीत, म्हणून कचऱ्याचा डबा बघते. त्यात कांद्याची सालं असली की घर जितं.

मग चिंचेची गल्ली. गावाच्या उताराच्या अंगाला, एका म्हाताऱ्या चिंचेखाली सात दगडी घरं. तिथली दोन घरं स्वस्तात निघाली होती. पहिल्यात बांडी शिरली, चार पाय ताठ करून उभी राहिली आणि कान मागं टाकले. दुसऱ्यात तर उंबऱ्यावरूनच परतली. दोन्ही घरं आम्ही सोडली. वैशाख निम्मा सरला. रशीदभाईकडच्या पेट्या मागणारे संपले. आणि तेव्हा त्याच गल्लीतलं तिसरं घर आलं, माणिकराव गुत्तेदारांचं.

माणिकराव सरकारी कामांचे ठेके घ्यायचे. मिशा अशा की एकीवर कावळा आणि दुसरीवर चिमणी निवांत बसावी. त्यांनी माळावर नवं घर बांधलं होतं म्हणून जुनं विकायचं होतं. चार खोल्या, शहाबादी फरशी, मागं परसू, दोन्हीकडून दार. मी ते घर बघितलं आणि माझा जीव तिथंच खुंटीला अडकला. पुढची डावी खोली माझी, खिडकीत बसून मी अभ्यास करणार, इथवर मी मनातल्या मनात राहायलासुद्धा आले होते.

"या या बापू!" माणिकराव म्हणाले. मग बांडीकडं वळून, "आन् ह्या का तुमच्या इंजनेरीनबाई? या बाई, करा तपासनी."

बांडी आत गेली. हुंगली, उकरली, एक फेरी मारली. आणि ती बसली! नुसती बसली नाही, रवंथ करायला लागली.

"बैठ गयी!" रशीदभाई ओरडला. "बापू, बैठ गयी! और दीवार भी पकी हय!"

बापूंचे डोळे भरून आले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. आमच्याकडं बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि बोटं दाबून बोली होते, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. पण बापू रुमालाखाली हात असताना ओठ हलवायचे, त्यामुळं अख्ख्या बाजाराला कळायचं. माणिकरावांची बोटं आणि बापूंचे ओठ यांची सत्तर शेरडांवर गाठ पडली. बापूंनी इसाराचा नारळ हातात घेतला. आता तो दिला की सौदा पक्का. तेवढ्यात माय म्हणाली, "गुत्तेदारीनबाईंच्या हातचा च्या घेतल्याबिगर कसं जायाचं?"

मी मायकडं बघतच राहिले. जन्मात तिनं कुणाच्या घरी तोंडानं चहा मागितला नव्हता. चहा झाला. तिनं बशीत ओतून असा सावकाश प्यायला की दूध पुन्हा गाईत जाईल की काय असं वाटलं. मग पान मागितलं. मग गुत्तेदारीणबाईंना माहेर विचारलं. चकलांबा निघालं. आमची आत्या चकलांब्याला दिलेली, मग काय, तिथल्या प्रत्येक घरातल्या प्रत्येक सुनेची चौकशी झाली. बापू नारळ या हातातून त्या हातात करत होते. आणि चकलांब्याची निम्मी वेस ओलांडून होते तोच बांडी उठली. तिनं अंग झाडलं, वळली, आणि आम्ही सगळ्यांनी बघितलं: तिचं पोट ओलंचिंब होतं.

"जनावर हाय वैनी," माणिकराव घाईघाईनं म्हणाले, "मुतली असंल."

माय उठली. तिनं बांडीच्या पोटावरून हात फिरवला, नाकाशी नेला. "गुत्तेदार, माझा जलम शेरडाच्या मुतात गेला. ह्ये मूत न्हाई. ह्ये तुमच्या घराचं पानी हाय."

बांडीला तोवर दुसरी कोरडी जागा हवी होती. तिनं पलंगाखाली डोकं घातलं आणि आतून खडाडखड आवाज झाला. एक शेगडी गडगडत बाहेर आली. मग दुसरी. मग तिसरी, अर्धे कोळसे घेऊन. आमच्या शेळीची कीर्ती ऐकून माणिकरावांनी तीन दिवस ती खोली बंद करून आत कोळसे पेटवले होते आणि फरशी पापडासारखी वाळवली होती. पण ओल ती ओलच. आम्ही चहा पितोय तोवर ती परत वर आली होती.

"ते... डासांसाठी," माणिकराव म्हणाले.

"तीन शेगड्या?" माय म्हणाली. "डास व्हते का हत्ती?"

बापूंनी नारळ मायच्या ओटीत टाकला. त्यांना राग आला की ते हळू बोलायचे. "खोड लपवली, गुत्तेदार. बाजारात असं केलं असतं तर तुमच्या दावनीला पुन्यांदा कुनी उभं राहिलं नसतं." आणि ते निघाले. मागं रशीदभाई, मागं माय, मागं बांडी ओलं पोट घेऊन. मी त्या डाव्या खोलीच्या खिडकीकडं एकदा बघितलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत कशीबशी आवरलं.

रशीदभाईच्या गाड्याशी मात्र बांध फुटला. मी अशी रडले की मांजरा नदीला पूर आला असता. नदीच लांब होती म्हणून गावं वाचली. घर नाही, मृग पंधरा दिवसांवर, आता आयुष्यभर शेरडांची शेपटं. रशीदभाई डबड्यातलं चूळभर पाणी खरबुजांवरच्या गोणपाटावर जपून शिंपडत होता. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, विहिरी तळाला गेलेल्या, एक घागर मिळवायला माणूस अर्धा दिवस घालवायचा. तो म्हणाला, "रो नक्को काशीबेटा. और रोनाच हय तो जरा इदर सरकके रो. बोरा तो भीगेगा."

मला हसू फुटलं. रडत रडत हसत मी डोळे पुसले, आणि समोर नळावरच्या रिकाम्या घागरींची रांग दिसली. रांग स्टँडला वळसा घालून पार पोष्टाला टेकलेली. दोन बाया एकमेकींच्या वेण्या धरून होत्या. आणि माझ्या शेजारी बांडी, पोटाला अजून थेंब. मी त्या थेंबाकडं बघितलं, रांगेकडं बघितलं, पुन्हा थेंबाकडं.

"रशीदभाई," मी म्हणाले, "वैशाख हाय. नळ कोरडा, इहिरी कोरड्या. मंग बांडीचं पोट कशानं भिजलं?"

त्याचा हात डबड्यातच राहिला.

बापू म्हणाले, नळाचा पाइप फुटला असेल. मी तशीच पळत गेले. पाइप चौकातच संपत होता; चिंचेच्या गल्लीत नळ गेलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून दूध विकायच्या निमित्तानं मी गल्लीतल्या प्रत्येक घरात शिरले आणि चपला बाहेर काढल्या. माझ्या तळपायांची शाळा ती. सातांतली पाच घरं खालून गार आणि ओली, एका रेषेत, चिंचेपासून उतारापर्यंत. आणि गंमत बघा, एकाही घरानं शेजारच्याला सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं आपल्याच गवंड्यानं हरामखोरी केली. एका म्हातारीला मी हळूच विचारलं तर तोंडाला पदर लावून म्हणाली, "घराची वल आन् घरातलं भांडन, भाईर कोन सांगतं, बाई? लेकाच्या सोयरिकी व्हायच्यात." आणि चिंच! आजूबाजूची झाडं खराटा झालेली, आणि ही थेरडी हिरवीगार डोलत होती. रोज तिच्या सावलीत बसून लोक म्हणायचे, गावात पाणी नाही.

मी सगळं सांगितलं तेव्हा बापू बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी आपुन तीनदा पान्याला लाथ मारून आलो. का, तर शेळीच्या नजरंनं बघत व्हतो. शेळीला कोरडं लागतं. आन् मान्साला?" शेरडं पाळणाऱ्यांशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

माय म्हणाली, "मंग गुत्तेदाराला सांगा की, खाली पानी हाय म्हनून."

"खोड विकनाऱ्यानं सांगावी," बापू म्हणाले, "गुन घेनाऱ्यानं वळखावा."

मायनं ते कुठंतरी खुंटीला टांगून ठेवलं, हे मला तिच्या भाकरी थापण्यावरून कळलं.

बापू एकटेच परत गेले. मी मागं होतेच. माणिकराव मिशीत हसले. "कावून बापू? इंजनेरीनबाईंचा निकाल फिरला का?"

"न्हाई. शेळी बराबर हाय. घरात वल हाय, म्हनून भाव कमी."

"म्हाईत असून घेता?"

"म्हाईत हाय म्हनूनच घेतो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. या वेळी माणिकरावांनी आपला रुमाल पसरला, बोटं दाबली गेली, ओठ हलले. पन्नास शेरडं. बापूंनी नारळ दिला.

पन्नास शेरडं घराला गेली. उरलेली आड खोदायच्या खर्चाला. एक बांडी तेवढी ठेवली. त्या दिवशी वस्तीवर आम्ही चौघंच होतो, बांडी धरून, आणि घंटा एकाही गळ्यात नव्हती. माय शेरडांच्या रिकाम्या वाड्यात उगाच झाडत बसली. झाडायला काही नव्हतं. आता माघारी फिरायला पायवाट उरली नव्हती. पाणी लागलं नाही तर आमच्या हाती एक ओलं घर राहणार होतं, ज्यात भाडेकरू आजारी पडतील आणि शेळीसुद्धा बसणार नाही. आणि ते सगळं माझ्या तळपायांच्या भरवशावर.

परसात आड सुरू झाला. पाच हातांवर ओली माती लागली, सगळे नाचले. दहा हातांवर मुरूम लागला, आणि कोरडा! पंधरावर खडक. बापूंनी जेवण सोडलं. माय आंबील करून वाटी पुढं ठेवायची आणि तशीच उचलायची. माणिकराव येता-जाता कुंपणावरून बघायचे, "बापू, सोनं घावलं का?" रशीदभाई गाडा लावून रोज येऊन आडाच्या कडेवर बसायचा आणि खडकालाही वाजवून बघायचा. अठरा झाले. वीस झाले. खोदणारे म्हणाले, उद्याचा एक दिवस, मग आम्ही चाललो. मी बापूंकडं बघायचं टाळत होते. एका वेळी तर मला वाटलं, बांडीनं त्या दिवशी खरंच मुतून ठेवलं होतं आणि आम्ही त्यावर संसार उधळला.

बावीस हातांवर, टळटळीत दुपारी, खालून पहारीचा आवाज बदलला. ठण्ण वाजायचं ते धप्प वाजलं. लोकांना मी सांगते की पाण्यानं खोदणाऱ्याला पहारीसकट उचलून चिंचेच्या शेंड्यावर नेऊन बसवलं. तसं काही झालं नाही. खडकाच्या चिरेतून बोटाएवढी धार आली, थांबली, पुन्हा आली आणि मग थांबलीच नाही. खालचा माणूस ओरडला, "बापू, शिडी सोडा, गुडघ्याला लागलं!" बापूंनी शिडी सोडली आणि मग तिथंच मातीच्या ढिगावर बसून मायनं केलेली चार दिवसांची आंबील एका बैठकीत प्याले.

पुढं काय सांगायचं? चार मास्तर, दोन कारकून आणि एक कंडक्टर एकाच दिवशी खोली मागायला दारात उभे राहिले. गावात पाणी असलेलं भाड्याचं घर एकच. बापूंनी ओल्या खोल्यांच्या फरश्या उचकटून खाली हातभर दगडांचा भराव घातला, आणि आडातून उपसा सुरू झाल्यावर फरशीची ओलही उतरली. भाडेकरू ते चुली बघून निवडायचे: "रोज शिजवनार का? मंग या." घरानं त्यानंतर एवढं दूध दिलं की त्याच गल्लीतली बांडीनं नापास केलेली दोन्ही घरं आम्ही पुढं घेतली. मी काठावर पास झाले होते. मी सांगते पहिल्या वर्गात. कॉलेजात मात्र खरंच गेले, डाव्या खोलीच्या खिडकीत बसून अभ्यास करतच.

पण हे सगळं पुढच्या वैशाखापाशी येऊन थांबतं. माणिकरावांचं माळावरचं नवं घर इतकं कोरडं होतं की बांडी तिथं सात जन्म बसली असती. त्यांची विहीर कोरडी, बोअर कोरडा. एका सकाळी आमच्या आडावरच्या रांगेत शेवटी एक उंच माणूस दिसला. डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढलेला, हातात घागर. रुमाल झाकून झाकणार किती? दोन्ही बाजूंनी मिशा बाहेर.

"भावजी," मायनं हाक मारली, "तिथं कावून उभं ऱ्हायला? पुढं या."

रांग वळून बघायला लागली. माणिकराव पुढं आले. आडात बघितलं. निळं पाणी, त्यात त्यांचंच तोंड. "वैनी," ते म्हणाले, "तीस वरसं मी ह्या पान्यावर झोपलो. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर..."

"तर विकलं नसतं. म्हाईत हाय." मायनं त्यांच्या हातातली घागर घेतली आणि स्वतः शेंदायला लागली. "तुमी तीन शेगड्या लावून पानी वाळवीत व्हता, भावजी. तुमी खोड झाकली, आमी गुन झाकला. ह्यांचा बाजाराचा कायदा काय बी असू दे, माझा न्हाई. ह्या आडाची रोजची पहिली घागर तुमची." कुंपणाशी बापू काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. तिनं नुसतं बघितलं. त्यांनी ते मिटलं.

माणिकरावांनी घागर खांद्यावर घेतली, वळले, तर आडाच्या कठड्यावर, उन्हात तापलेल्या कोरड्या दगडावर, बांडी बसलेली. ते तिच्यापुढं थांबले आणि मोकळ्या हातानं तिला रामराम घातला. "इंजनेरीनबाई, लई शिकवलंत. तुमची फी काय?"

बांडीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग मान लांब केली, तोंडावरून खांद्यावर घसरलेल्या, भावाच्या वेळी पसरलेल्या त्याच रुमालाचं टोक तोंडात धरलं आणि डोळे मिटून रवंथ करायला लागली.